श्रेय सरांचं, अपयश पोराचं?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आजवर सगळ्यात जास्त सामने जिंकलेला मॅनेजर कोण? कॉनी मॅक. ३,७३१ विजय. आणि सगळ्यात जास्त सामने हरलेला मॅनेजर कोण? तोच. ३,९४८ पराभव.

बेसबॉल आपला खेळ नाही. आपल्याकडे त्याची ओळख बहुतेकांना शालेय स्पर्धेच्या प्रमाणपत्रापुरती आणि त्यावर मिळणाऱ्या वाढीव गुणांपुरती. त्यामुळे थोडं सांगायला हवं. तिथला मॅनेजर म्हणजे ऑफिसातला मॅनेजर नव्हे. कोण खेळणार, कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंगला जाणार, दमलेल्या पिचरला कधी काढायचं, हे सगळं तो ठरवतो. क्रिकेटमध्ये जे काम कॅप्टन आणि कोच वाटून घेतात, ते तिथं बरंचसं एकट्या मॅनेजरकडे असतं. मॅकने फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स ही टीम १९०१ पासून १९५० पर्यंत, सलग पन्नास सीझन सांभाळली. इतर मॅनेजर खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालायचे, हा मात्र सूट-टाय घालून बसायचा. पन्नास वर्षं कुणी काढलं कसं नाही? कारण टीमच्या मालकीत त्याचाच हिस्सा होता. स्वतःला कोण काढतं?

मला त्या दोन आकड्यांपेक्षा ते छापण्याची पद्धत जास्त आवडली. बेसबॉलमध्ये मॅनेजरच्या नावापुढे विजय एकटे येतच नाहीत. शेजारी पराभवांचा रकाना असतोच. पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या माणसाच्या नावापुढेही असतो. १९१४ नंतर पैशाच्या ओढाताणीत मॅकने चांगले खेळाडू एकामागून एक गमावले, विकले, आणि १९१६ साली त्याची टीम ३६ सामने जिंकली, ११७ हरली. सलग सात वर्षं टीम तळाला. ते सगळे पराभव आज शंभर वर्षांनंतरही त्याच्याच नावावर आहेत. ‘त्या वर्षी पोरंच कच्ची होती’ अशी तळटीप कुणी लावलेली नाही.

आता लातूरला या. किंवा नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगरात चक्कर मारा. जून-जुलैत, नीटचा निकाल लागल्यावर. चौकाचौकात फ्लेक्स. मध्ये सरांचा मोठा फोटो, हाताची घडी, मागे आभाळ. भोवती मुलामुलींचे चेहरे, प्रत्येकाखाली मार्क. पहिल्या रांगेतले फोटो मोठे, मग लहान, मग आणखी लहान. माझाही फोटो एकदा अशा फ्लेक्सवर होता. नीटचा नव्हे, सीईटीचा. सगळ्यात खालच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. ज्या क्लासने तो लावला होता तिथं मी फक्त शेवटची टेस्ट सिरीज दिली होती. दोन वर्षं ज्या सरांनी मला खरोखर फिजिक्स शिकवलं, त्यांच्याकडे फ्लेक्स छापायला पैसेच नव्हते. आईनं मात्र त्या फ्लेक्सचा फोटो काढून ठेवलाय. अजून आहे तिच्या मोबाइलमध्ये.

त्या फ्लेक्सवर दुसरा रकाना नसतो. किती मुलं बसली, किती राहिली, किती जण रिपीटर बॅचला परत आले, किती बी.एस्सी.ला गेले, किती गावाकडे परतले. समजा एका क्लासमध्ये तीन हजार मुलं आहेत आणि साठ जणांना सरकारी मेडिकल मिळालं. दुसऱ्यात शंभर मुलं आणि दहा जणांना मिळालं. फ्लेक्स कुणाचा मोठा? त्यातही तीन हजारवाल्याने प्रवेश परीक्षा घेऊन दहावीला पंच्याण्णव टक्क्यांच्या वरचीच पोरं वेगळ्या बॅचला बसवली असतील, तर साठमधली किती सरांनी घडवली आणि किती घडूनच आली होती, हे कोण सांगणार?

मी टीका करतोय असं वाटेल. पण लातूर पॅटर्नची टिंगल करणाऱ्यातला मी नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना ती करणं सोपं जातं. मराठवाड्यातल्या पोरांनी बोर्डात यायचं नसतं, हे जणू ठरलेलं होतं त्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांनी ते खोटं पाडून दाखवलं. जनार्दन वाघमारे सरांसारखा माणूस आधी तिथं प्राचार्य होता आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. सतत चाचण्या, जादा तास, पेपर सोडवून सोडवून हात बसवणं. यात जादू काही नव्हती. पण मागे कुणी उभं नसलेल्या पोरांसाठी कुणीतरी उभं राहिलं होतं. माझ्या पिढीतले नांदेड, लातूर, परभणीचे किती इंजिनिअर आज हिंजवडीत बसलेत ते बघा, म्हणजे या श्रेयाचा अंदाज येईल. तेव्हा शिकवणाऱ्याचा वाटा असतो का, हा माझा प्रश्नच नाही. असतो. तो किती, कुणी सांगायचा, आणि जो हरला त्याचं खातं कुणाच्या नावावर मांडायचं, हा प्रश्न आहे.

यासाठी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे चंद्रकांत पंडित. रणजी ट्रॉफीच्या इतिहासात कोच म्हणून त्यांच्याइतकं यश क्वचितच कुणाला मिळालं असेल. भारतासाठी ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेला विकेटकीपर. कोच झाल्यावर मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ ला रणजी जिंकून दिली. आता मुंबईला रणजी जिंकून देण्यात काय विशेष, असं कुणीही म्हणेल. मुंबई जिंकतेच. शाहू कॉलेजात पंच्याण्णव टक्केवाली पोरं घेऊन बोर्डात आणल्यासारखं ते झालं. पण मग ते विदर्भाकडे गेले. विदर्भ १९५० च्या दशकापासून रणजी खेळतोय आणि तोवर एकदाही फायनलला पोहोचला नव्हता. २०१७-१८ ला पोहोचला, इंदूरमध्ये दिल्लीला नऊ विकेट्सनी हरवून जिंकला, आणि पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून परत जिंकला. मग मध्य प्रदेश. जून २०२२, बंगळुरूचं चिन्नास्वामी, समोर एक्केचाळीस वेळा जिंकलेली मुंबई. मध्य प्रदेश सहा विकेट्सनी जिंकला. पहिल्यांदाच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एखाद्या बदलाने फरक पडला का हे बघताना बाकी सगळं तसंच ठेवतो आणि एकच गोष्ट बदलतो. आयुष्यात असं करता येत नाही, पण पंडितांच्या बाबतीत नशिबाने ते थोडंफार घडलं. माणूस तोच, टीम तीन, आणि तिन्ही ठिकाणी निकाल. मी तर म्हणेन की ‘कोचमुळे फरक पडतो’ याचा याहून चांगला पुरावा भारतीय क्रिकेटमध्ये नाही.

आणि तरीही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोलकाता नाइट रायडर्सनी त्यांना हेड कोच केलं. २०२३ ला टीम सातवी. २०२४ ला चॅम्पियन. २०२५ ला आठवी, आणि जुलैत दोघांचे रस्ते वेगळे. माणूस तोच, पद्धत तीच. आणि ज्या वर्षी जिंकले त्या वर्षी श्रेय कुणाला मिळालं, आठवा बरं. गौतम गंभीरला. तो त्याच वर्षी मेंटॉर म्हणून आला होता आणि त्या यशावर काही आठवड्यांत भारताचा कोच झाला. हेड कोच पंडितच होते. तुमच्यापैकी कितीजणांना ते लक्षात होतं?

बेसबॉलमध्ये याहून झणझणीत उदाहरण आहे. केसी स्टेंगल. ब्रुकलिन आणि बोस्टनच्या टीम त्याने नऊ सीझन सांभाळल्या, पाचव्याच्या वर एकदाही आला नाही. लोक त्याला विदूषक म्हणायचे. मग न्यूयॉर्क यांकीजनी त्याला घेतलं. बारा वर्षांत सात वर्ल्ड सिरीज, त्यातल्या पाच सलग, १९४९ ते १९५३. आता तो जीनियस. मग न्यूयॉर्क मेट्स ही नवी कोरी टीम, १९६२ साल, ४० विजय आणि १२० पराभव. डोकं तेच होतं. यांकीजकडे योगी बेरा आणि मिकी मॅन्टल होते, मेट्सकडे नव्हते, एवढाच फरक.

बेसबॉलवाले आकड्यांचे वेडे असल्यामुळे त्यांनी यावरही एक सूत्र काढलंय. टीमने सीझनभरात किती रन काढले आणि किती दिले, यावरून तिने किती सामने जिंकायला हवे होते याचा अंदाज येतो. रन काढल्याचा वर्ग भागिले दोन्हींच्या वर्गांची बेरीज. पायथागोरसच्या प्रमेयासारखं दिसतं म्हणून नावही तेच. बिल जेम्स नावाच्या माणसाचं हे डोकं. प्रत्यक्षात टीम या अंदाजापेक्षा चार-पाच सामने जास्त जिंकली, तर ते मॅनेजरच्या हुशारीचे म्हणावेत का? काही लोक म्हणतात. अडचण अशी की पुढच्या वर्षी त्याच मॅनेजरचा आकडा उलटा येऊ शकतो. जे एका वर्षी हुशारी वाटलं ते नशीब असू शकतं, आणि सूत्राला या दोघांतला फरक कळत नाही.

इथवर हा हिशेबाचा प्रश्न होता. नैतिक प्रश्न यापुढे सुरू होतो.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच चर्चेत एक अवघड गोष्ट मांडली, जिला ‘नैतिक नशीब’ म्हणता येईल. आपल्या भाषेत सांगायचं तर, नांदेड-लातूर रस्त्यावर दोन जीपवाले आहेत. दोघंही चालवताना मोबाइल बघतात. एकाच्या पुढे लेकरू येतं, दुसऱ्याच्या येत नाही. चूक दोघांची तेवढीच. पण एक जन्मभर खुनी ठरतो आणि दुसरा संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. आपण म्हणतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टीवरूनच जोखावं, पण प्रत्यक्षात जोखतो ते निकालावरून. गीतेचा दुसरा अध्याय घराघरात आहे, फळावर अधिकार नाही हे सगळ्यांना पाठ आहे, आणि फ्लेक्स मात्र फळांचेच लागतात.

कोचच्या बाबतीत हे जास्त टोचतं, कारण कोच कडक असतो. पंडित शिस्तीसाठी प्रसिद्ध आहेत. रणजीत जिंकले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या शिस्तीचे गोडवे गायले. कोलकात्यात एका परदेशी खेळाडूने नंतर पॉडकास्टवर सांगितलं की सतत कसं वागायचं, काय घालायचं हे सांगणारा तो लष्करी खाक्या बाहेरून आलेल्यांना जड गेला. वागणं एकच. विदर्भात त्याला शिस्त म्हणाले, कोलकात्यात जाच. विदर्भ ती फायनल हरला असता तर नागपुरातसुद्धा कुणीतरी जाच हाच शब्द वापरला असता, असं मला वाटतं. मग त्या वागण्याचं बरोबर-चूक ठरवलं कुणी? स्कोअरबोर्डने?

पंडित ज्यांच्याकडे शिकले त्या रमाकांत आचरेकर सरांची थप्पड सगळ्यांना माहीत आहे. सरांनी सचिनसाठी सामना ठरवला होता आणि हा आपल्याच शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला, टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथंच थोबाडीत मारली. डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले. सचिनने स्वतः ही गोष्ट कृतज्ञतेने कितीदा तरी सांगितलीय. ती ऐकताना आपण भारावतो. मीही भारावलोय.

पण जरा थांबून बघा. ती थप्पड पवित्र झाली ती खाणारा पुढे सचिन तेंडुलकर झाला म्हणून. त्या काळात मुंबईच्या, नांदेडच्या, सगळीकडच्या मैदानांवर आणि वर्गांत थपडा खाल्लेली हजारो पोरं होती. त्यांची थप्पड नुसती थप्पड राहिली. आमच्या वसतिगृहात अहमदपूरकडचा एक मुलगा होता. आम्ही एकाच बाकावर बसायचो. टेस्टमध्ये मार्क कमी आले की नावं मोठ्याने वाचली जायची आणि त्या मुलांना उभं राहून पूर्ण तास ऐकावा लागायचा. आम्ही दोघंही उभे राहिलोय. मला कुणी विचारलं तर मी आज हसत सांगतो, ‘सरांनी उभं केलं म्हणून अभ्यासाला लागलो.’ तो काय सांगत असेल? त्याचा निकाल आला नाही. त्याच्यासाठी ते उभं राहणं कशाच्याही आधीचं पाऊल ठरलं नाही. दोघांना दिलेली शिक्षा एक, देणाऱ्याचा हेतू एक, आणि तरी माझी ‘घडवणूक’ झाली आणि त्याचा नुसता अपमान. हा फरक सरांनी केलेला नाही. म्हणून मला वाटतं की मी माझ्या अनुभवावरून त्या शिक्षेची बाजू घेऊ नये. तो हक्क जिंकलेल्याला नाहीच. विचारायचंच तर त्याला विचारावं.

आचरेकर सरांकडे परत येतो, कारण हा प्रश्न त्यांच्याइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. शारदाश्रमकडून सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. ही गोष्ट सरांच्या शिकवणुकीचा कळस म्हणून सांगतात. गंमत अशी की डाव घोषित करा म्हणून बाहेरून निरोप येत होता आणि ही दोघं मुद्दाम तिकडे बघत नव्हती, हेही त्यांच्याच तोंडून आलेलं आहे. म्हणजे सरांच्या नावावरचा हा सगळ्यात मोठा विक्रम निदान थोडासा तरी सरांचं न ऐकल्यामुळे झालेला आहे!

आणि त्या वेळी पॅड बांधून पुढच्या नंबरवर एक तिसरा मुलगा बसला होता. अमोल मुजुमदार. त्या डावात त्याची बॅटिंग आलीच नाही.

तीन मुलं, गुरू एक, मैदान एक, शिस्त एक. एक सचिन झाला. दुसऱ्याने १७ कसोटीत ५४ च्या सरासरीने रन केले, लागोपाठच्या दोन कसोटीत द्विशतकं ठोकली आणि चोविसाव्या वर्षाच्या आत त्याचं कसोटी क्रिकेट संपलं. तिसऱ्याने पहिल्याच रणजी सामन्यात २६० केले, प्रथम श्रेणीत ११,१६७ रन केले आणि भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कात सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं तेव्हाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. स्टेजवर बसलेल्या कांबळीने सचिनचा हात धरलाय, सोडत नाहीये. दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर तेच. खालच्या कमेंट्स मी वाचत बसलो होतो. सचिन म्हणजे गुरूने घडवलेला हिरा, आणि कांबळीने स्वतःचं स्वतः वाटोळं करून घेतलं, असा एकंदर सूर.

हीच ती खोट. जिंकला तर सरांनी घडवला, हरला तर त्याचं तो हरला. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. शिष्याचं पुढचं आयुष्य गुरूच्या हातात नसतं म्हणून कांबळीचं अपयश सरांचं नाही, हे मला मान्य आहे. पण मग सचिनची चोवीस वर्षंही त्यांच्या हातात नव्हती. आणि सचिनचा वाटा घ्यायचा असेल तर मॅकसारखा दुसरा रकानाही छापावा लागेल. आमच्या कामात ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड असते. कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते ती दाखवते. पुरस्कार द्यायचा असो की खापर फोडायचं असो, कमांड एकच, यादी एकच. नाव मात्र ‘ब्लेम’च ठेवलंय, कारण ती वापरली जाते तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं. आणि प्रोजेक्ट चांगला गेला की मेल येतो तो मॅनेजरच्या नावाने. असो.

सरांच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट नक्की बोलता येते. आचरेकर सर स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. पण मुलांना स्कूटरवर बसवून एका दिवसात एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, कारण जास्त सामने खेळायला मिळावेत. सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो आउट करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. या गोष्टी निकालावर अवलंबून नाहीत. सचिन पुढे भारताकडून खेळला नसता तरी ती स्कूटर चांगलीच होती. थपडेबद्दल मला हे म्हणता येत नाही. ती पुढच्या निकालाकडून चांगुलपणा उधार मागते. मला वाटतं शिकवणाऱ्याच्या वागण्यातल्या कुठल्या गोष्टी खरोखर त्याच्या श्रेयाच्या, हे ओळखण्याची हीच एक कसोटी उरते. पोरगं नापास झालं असं समजायचं आणि मग बघायचं की यातलं काय काय तरीही बरोबर होतं. जे टिकलं ते सरांचं. बाकीचं पोराचं, आईबापाचं आणि नशिबाचं.

या कसोटीवर पंडितांचे दोन आकडे मला ट्रॉफ्यांपेक्षा बोलके वाटतात. एक १९९८-९९. त्या वर्षी मध्य प्रदेश रणजीच्या फायनलमध्ये कर्नाटककडून हरला, त्याच चिन्नास्वामीवर, आणि कॅप्टन होते पंडित. तेवीस वर्षांनी ते तिथंच जिंकले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हरलेल्याच्या जागी ते स्वतः उभे राहिलेले आहेत. दुसरा २०२४-२५. पंडित गेल्यानंतर पाच वर्षांनी विदर्भ परत रणजी जिंकला, कोच उस्मान गनी. आता हा विजय कुणाचा? पंडितांच्या टीकाकाराला म्हणता येईल की बघा, त्यांच्याशिवायही झालं. मला उलटं वाटतं. ज्याच्या गेल्यावर घर चालतं त्याने घर नीट लावलं होतं. पण खरं सांगायचं तर हेही निकालावरूनच बोलणं झालं.

२०२२ च्या त्या फायनलमध्ये समोरच्या, हरलेल्या मुंबईच्या टीमचा कोच कोण होता? अमोल मुजुमदार. एकाच सरांचे दोन विद्यार्थी दोन ड्रेसिंग रूममध्ये, आणि मुजुमदार परत पॅड बांधून राहिलेल्याच्या बाजूला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते भारताच्या महिला टीमचे कोच झाले. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये ही टीम सलग तीन सामने हरली. तिथंच बाहेर पडली असती तर मुजुमदारांबद्दल काय लिहिलं गेलं असतं ते सांगायला नको. स्वतः कधी भारताकडून खेळला नाही, त्याला काय कळणार, वगैरे. (अमेरिकेत सात वर्ल्ड सिरीज जिंकलेला जो मॅकार्थी मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता. पण हे आठवायला आधी जिंकावं लागतं.) मग प्रतिका रावल जखमी झाली, टीममध्ये नसलेल्या शफाली वर्माला ऐनवेळी बोलावलं, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत फायनलमध्ये शफालीने ८७ रन आणि दोन विकेट्स काढल्या. भारत ५२ रन्सनी जिंकला. प्रतिकाची दुखापत कुठल्याच कोचच्या प्लॅनमध्ये नव्हती.

सामना संपल्यावर हरमनप्रीत मुजुमदारांच्या पाया पडली. तो फोटो आणि लातूरचा फ्लेक्स मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघितला. दोन्हीत शिकवणारा आहे, जिंकलेला विद्यार्थी आहे. फ्लेक्सवर सर श्रेय घेतायत. फोटोत ते दिलं जातंय, आणि देणारीच्या हातात आहे द्यायचं की नाही. श्रेय कितीही मोठं असलं तरी दिलेलं असेल तर त्याचा हिशेब लागत नाही. शंभर टक्के सरांना दिलं तरी हरमनप्रीतचं काही कमी होत नाही. घेतलेलं असलं की मात्र टक्के मोजावे लागतात, आणि दुसरा रकाना मागावा लागतो. अर्थात पाया पडणारीही जिंकलेलीच होती. ती अडचण उरतेच.

हे सगळं मी का काढून बसलो, तर माझी भाची यंदा दहावीला आहे. ताई-दाजी नांदेडला असतात. घरात सहा महिन्यांपासून एकच विषय, अकरावी-बारावीला कुठला क्लास, नांदेडलाच ठेवायचं की लातूरला पाठवायचं. फी, होस्टेल, मेस मिळून जी रक्कम होते तिच्यासाठी दाजी शेताचा तुकडा काढायचं बोलत होते. इतक्या पैशाचा सौदा फ्लेक्स बघून कसा करायचा? दिवाळीत मी आणि दाजी तीन क्लासला जाऊन आलो. दाजींनी तिन्ही ठिकाणी एकच विचारलं, मागच्या वर्षी एकूण किती लेकरं बसली होती तुमच्याकडे? पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. दुसरीकडे सांगितलं की सर मिटिंगमध्ये आहेत. तिसऱ्या ठिकाणी आकडा सांगितला. मोठा होता, आणि निवड झालेल्यांचा लहान. दाजी जिना उतरताना गप्प होते.

निर्णय शेवटी भाचीनेच घेतला. त्यांच्या गल्लीत दोन बहिणी आहेत, दोघी एका छोट्या क्लासला जायच्या. थोरलीला एमबीबीएस मिळालं. धाकटीचं दोनदा झालं नाही, ती आता बी.एस्सी. नर्सिंग करते. भाची थोरलीकडे गेलीच नाही. धाकटीकडे जाऊन तासभर बसली आणि घरी येऊन म्हणाली, ‘बाबा, ती म्हणते ते सर चांगलं शिकवतात.’

दाजींनी विचारलं, ‘तिचं झालं नाही तरी?’

‘हो. मी तेच विचारलं तिला.’

सोमवारी फॉर्म भरला.